शिशाचे जुने सैनिक आणि छोटे रणगाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा किल्ला बघायला घरी कोणी ना कोणी येतंच. बुरुजावरचे मातीचे मावळे बघून झाले की पाहुणे काचेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहतात. आत जेमतेम दोन इंच उंचीचे शिशाचे सैनिक संचलनाला उभे, आणि खालच्या फळीवर हिरवे छोटे रणगाडे, तोफा, ट्रक. मग प्रश्न सुरू होतात. पंचवीस वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

हे सैनिक भरीव शिशाचे असतात का?

काही असतात, बहुतेक नसतात. सगळ्यात जुने ते चपटे. अठराव्या शतकापासून जर्मनीत, मुख्यतः न्यूरेंबर्गला, कथिलाचे असे सैनिक ओतत. समोरून बघितलं तर पूर्ण चित्र आणि बाजूनं बघितलं तर पट्टी. त्यानंतर आले भरीव. पॅरिसचे मिन्यो आणि ड्रेस्डेनचे हायडे ही त्यातली मोठी नावं. हातात घेतले की वजन लगेच जाणवतं.

माझ्याकडचे बहुतेक तिसऱ्या जातीचे, पोकळ. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन ज्युनियर यांनी ही युक्ती काढली. वितळलेलं शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण साच्यात ओतायचं, साच्याला टेकलेला थर थिजतो न थिजतो तोच साचा उलटा करून आतला पातळ धातू बाहेर काढायचा. राहतं ते फक्त कवच. सगळा खेळ काही क्षणांचा. उशीर झाला तर सैनिक भरीव होणार, घाई झाली तर हात अर्धाच येणार. ओतकाम करणारी कसबी माणसं दिवसभर हाच साचा उघडत आणि मिटत. धातू कमी लागला, वजन घटलं, किंमत उतरली, आणि जर्मन मालाला पहिल्यांदाच तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. ब्रिटन्सचा पहिला संच लाइफ गार्ड्स या घोडदळाचा होता. साधारणपणे एका लाल डब्यात आठ पायदळी किंवा पाच घोडेस्वार येत.

१९६६ साली ब्रिटन्सनं शिशाचे पोकळ सैनिक बनवणं थांबवलं. त्यामुळे या जातीचा प्रत्येक अस्सल सैनिक आज साठीच्या उंबरठ्यावर तरी आहे, नाहीतर पलीकडे.

५४ मिलिमीटर हाच आकार का?

ब्रिटन्सनं हे माप त्या काळच्या एक नंबर गेजच्या खेळण्यातल्या आगगाडीला जुळेल असं घेतलं. ते इतकं रुजलं की आजही ‘प्रमाण आकार’ म्हटलं की संग्राहकाच्या मनात ५४ मिलिमीटरच येतो. ढोबळमानानं १:३२.

यात आपल्याकडच्या पलटणी आहेत का?

आहेत. मी या छंदात पडलो तेच त्यामुळे.

ब्रिटन्सच्या यादीत ब्रिटिश हिंदी सैन्याचे बरेच संच होते. ४६ क्रमांकाचा दहावे बेंगॉल लान्सर्स (लान्सर म्हणजे भालाईत घोडेस्वार), ६७ चा पहिली मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्री, ६६ चा पहिले बॉम्बे लान्सर्स आणि ६८ चा दुसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. हा ६८ क्रमांक मराठी माणसानं नक्की हातात घेऊन बघावा. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली पलटण पुढे बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी पलटण झाली. तीच नंतर १०२वी ग्रेनेडियर्स, आणि आजच्या भारतीय सेनेतल्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटपर्यंत तो धागा सलग येतो. भीमाकाठी विजयस्तंभापाशी उभं राहिलेल्या माणसाला लंडनच्या एका कारखान्यात त्या पलटणीचं नाव डब्यावर छापून तिचे सैनिक पोरांना विकले जात होते हे कळलं, की क्षणभर बोलणं थांबतं. मी ते अनेकदा पाहिलंय.

एक समजून घ्या. हे गणवेशाचं शास्त्रोक्त चित्र नव्हे. तोच साचा, वेगळे रंग आणि वेगळं नाव, असा कारभार सर्रास चाले. कपड्याच्या रंगावरून इतिहासाचा वाद घालू नये. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथल्या रंगवणाऱ्या बायका एका बैठकीत कितीतरी फेटे रंगवत असत आणि तरी प्रत्येक चेहऱ्याला मिशी वेगळी आली. भिंग धरलं की दिसतं: एकाची मिशी डावीकडे किंचित वर, दुसऱ्याची ब्रश कोरडा पडल्यामुळे मध्येच तुटलेली. एका डब्यातले आठही सारखे नाहीत.

जुना सैनिक ओळखायचा कसा?

उलटा करा. बैठकीच्या पोटाखाली काय आहे ते आधी वाचा. सुरुवातीच्या काळात दुसऱ्यांनी ब्रिटन्सच्या सैनिकांच्या नकला काढायला सुरुवात केली, तेव्हा हक्क सांगण्यासाठी आधी कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या आणि १९०० च्या सुमारास नाव आणि तारीख साच्यातच कोरली गेली. ती तारीख त्या आकृतीचा हक्क नोंदवल्याची. तो सैनिक ओतल्याची नव्हे. तीच तारीख असलेला सैनिक वीस वर्षांनंतरही ओतलेला असू शकतो. इथे भलेभले फसतात.

बैठक लंबगोल असेल तर बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, चौकोनी असेल तर त्यानंतरच्या काळातला असण्याची शक्यता जास्त. हलणारा हात असेल तर खांद्याच्या खुंटीजवळचा रंग बघा. वर्षानुवर्षं हात वरखाली झाला असेल तर तिथे रंग गोल घासलेला असतो. नवीन रंगवलेल्या सैनिकात ती झीज नसते, किंवा असलीच तर चुकीच्या जागी असते.

मान तुटली आहे, रंग उडाला आहे. दुरुस्त करून घेऊ का?

माझं मत ठाम आहे. रंगाला हात लावू नका. मूळ रंग निम्मा उडालेला सैनिक पुन्हा रंगवलेल्या चकचकीत सैनिकापेक्षा जास्त मोलाचा. बाजारभावानंही, आणि माझ्या मते त्याहून मोठ्या अर्थानंही. तो रंग ज्या हातानं लावला तो हात परत येणार नाही. नवशिका असताना मी एका घोडेस्वाराच्या उडालेल्या पायजम्यावर जवळपास तसाच निळा रंग लावला. आजही दिव्याखाली तो डाग वेगळा दिसतो आणि काढायला गेलं तर खालचा मूळ निळाही निघेल. तो सैनिक मी मुद्दाम पुढच्या रांगेत ठेवलाय.

मान तुटणं वेगळं. पोकळ सैनिकाची मान हा त्याचा सगळ्यात कमकुवत भाग, आणि तुटलेलं डोकं जपून ठेवलं असेल तर जुनी युक्ती कामी येते. आगपेटीची काडी घ्या, तिचं गुलाचं टोक कापून टाका, मानेच्या पोकळीत जाईल एवढी तासा. एक टोक धडात, दुसरं डोक्यात. डिंक नको, दाब नको. हवं तेव्हा डोकं परत काढता येतं आणि धातूला काही होत नाही. शंभर वर्षांपूर्वी मुलांचे वडील हेच करत असत. मला एकदा एका जुन्या सैनिकाच्या मानेत काळवंडलेली काडी सापडली होती. ती मी तशीच आत ठेवून दिली.

पायांवर पांढरी भुकटी दिसते. ही बुरशी आहे का?

नाही. हा या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

काही वर्षांपूर्वी सुताराकडून एक सुंदर भिंतीतलं कपाट करून घेतलं. आत एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, काचेच्या कडांना सिलिकॉन भरलेलं, दार घट्ट बसणारं. धूळ जाणार नाही म्हणून मी खूश होतो. जूनमध्ये सैनिक मांडले आणि ऑगस्टच्या अखेरीस दार उघडलं तेव्हा आधी वास आला. व्हिनेगरसारखा, आंबट. मग टॉर्च धरून बघितलं. मागच्या रांगेतल्या घोड्यांच्या खुरांपासून गुडघ्यापर्यंत राखाडी-पांढरी पूड चढली होती, आणि एका घोड्याचा पाय बोट लागताच पिठासारखा सुटला.

शिशाला आम्लाच्या वाफा सोसत नाहीत. नवं लाकूड, प्लायवुड, एमडीएफ, साधा पुठ्ठा, काही सिलिकॉन, हे सगळे कमी-जास्त प्रमाणात ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्ल सोडत असतात. ओक तर कुप्रसिद्धच. त्यात आपल्या पावसाळ्याची दमट हवा आणि बंद दार. शिशाचा कार्बोनेट तयार होतो. पूर्वीचे रंगारी ज्याला सफेदा म्हणत, साधारण तोच पदार्थ. एकदा शिसं सफेदा झालं की ते परत शिसं होत नाही.

उपाय साधे आहेत. जुनं पत्र्याचं, भट्टीत रंग भाजलेलं कपाट लाकडी कपाटापेक्षा लाख पटीनं बरं. फळ्या काचेच्या. सैनिकाखाली आम्लरहित कागद. सिलिका जेलची पुडी, आणि ती दर पंधरवड्याला तापवून कोरडी करायची, नाहीतर तिचा उपयोग संपतो. एक स्वस्त आर्द्रतामापक आत ठेवा. काटा पन्नासच्या खाली राहिला तर निर्धास्त. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात खोलीची हवा ऐंशीच्या वर सहज जाते, तेव्हा दर आठवड्याला कपाटाचा वास घ्या. हो, वासच. नाक मापकाच्या आधी सांगतं. कपाटाला थोडी हवा खेळती हवी. अगदी हवाबंद कपाट म्हणजे आम्लाची कोठी.

पूड आलेला सैनिक लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. फुंकर मारू नका, ती पूड विषारी आहे. हातमोजे घालून, मास्क लावून, ओलसर कापसानं टिपून घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. खरवडायचं नाही.

गाड्यांपासून सुरुवात करायची असेल तर कोणती घ्यावी?

डिंकी. फ्रँक हॉर्नबींच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३४ पासून या नावानं गाड्या विकल्या आणि १९७९ ला बिन्स रोडवरचा कारखाना बंद पडला. युद्धाआधीचे लष्करी संच फार देखणे आणि फार महाग. पन्नाशीच्या दशकातली मालिका मात्र अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात येते: ६७० क्रमांकाची चिलखती मोटार, ६७४ ची ऑस्टिन चॅम्प जीप, ६२६ ची रुग्णवाहिका, आणि तोफगाड्याचा संच, ज्यात ६८८ ओढगाडी, ६८७ दारूगोळ्याची गाडी आणि ६८६ पंचवीस पाउंडर तोफ. ही तोफ भारतीय तोफखान्यानं कित्येक दशकं ओढली.

पण पहिली गाडी म्हणाल तर ६५१, सेंच्युरियन रणगाडा. १९५४ साली आला. तोफेसकट साधारण पंधरा सेंटिमीटर, फिरणारा बुरूज, रबरी पट्टे. हातात बसतो आणि भरीव वाटतो. शिवाय ही आपल्या लष्कराच्या इतिहासातली गाडी आहे. पेशवाई संपता संपता उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सनं १९६५ आणि १९७१ ची युद्धं सेंच्युरियनवर लढली. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे त्याच रेजिमेंटचे दोन परमवीर. खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा अहिल्यानगरला चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवला आहे.

तिथलं रणगाडा संग्रहालय छोट्या गाड्या जमवणाऱ्यानं एकदा तरी बघावंच. १९९४ पासून आहे, आणि रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून विजयंता रणगाड्यापर्यंत सगळ्या गाड्या एका आवारात उभ्या आहेत. मी खिशात ६५१ घेऊन गेलो होतो. खऱ्या सेंच्युरियनच्या पट्ट्यावर ती ठेवली, वाकून बघितलं, आणि चाकांच्या वरची आडवी पत्र्याची चिलखतं खेळण्यात किती नेमकी पकडली आहेत हे तिथे कळलं. फोटो बघून ते कळत नव्हतं.

गाडीच्या अंगाला तडे गेलेत, वाकली आहे. पडली असेल का?

पडलेली नाही. युद्धाआधीच्या जस्तमिश्रित धातूत शिशाची भेसळ थोडी जरी राहिली तरी काही वर्षांनी तो आतून फुगतो, भेगाळतो, शेवटी चुरा होतो. संग्राहक याला धातूची कीड म्हणतात. यावर औषध नाही. थंड, कोरड्या जागी ठेवा, कमीत कमी हाताळा, आणि विकत घेण्याआधी खालचा पत्रा आणि चाकांची कमान नीट बघा. केसासारखी रेघ दिसली तर सोडून द्या. ही कीड शेजारच्या गाडीला लागत नाही. ती प्रत्येक गाडीच्या आपल्याच धातूत असते.

भारतात बनलेलं काही गोळा करण्यासारखं आहे का?

पुष्कळ आहे, आणि आपले लोक त्याकडे बघत नाहीत याचं वाईट वाटतं. डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे निकी नावानं गाड्या ओतल्या गेल्या. रंग जाड, कडा जरा बोथट, पण आज परदेशी लोक त्या शोधत फिरतात. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलनं अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीच्या साच्यांतून जी. आय. जो हे प्लॅस्टिकचे सैनिक इथे बनवले. कंपनीचा कारखाना गोव्यात. तेच साचे, पण रंगसंगती अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी, आणि नेमक्या त्या वेगळ्या रंगांसाठी अमेरिकेतले संग्राहक पैसे मोजतात. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर नव्वदीच्या दशकातला, ज्या कार्डावर लावून विकत त्या कार्डासकट, एक तरी पडला असेल. कार्ड फाडू नका.

आणि मातीचे मावळे. कुंभारवाड्यात साच्यातून काढलेले, उन्हात वाळवलेले, पितळी रंगाची ढाल असलेले. तेही खेळण्यातले सैनिकच आहेत आणि दिवाळी संपली की आपण ते टाकून देतो. सत्तरीच्या दशकातला शाडूचा मावळा आज बघायला मिळणं ब्रिटन्सच्या लान्सरपेक्षा अवघड आहे. माझ्याकडे फक्त चार आहेत. एकाच्या भाल्याची जागा रिकामी आहे, तिथे पूर्वी खराट्याची काडी असायची.

कुठे मिळतात? किंमत किती द्यावी?

मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला. पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा. सैनिक एकटा कधी सापडत नाही, तो कुलपं, नाणी, बटणं यांच्या ढिगात असतो. विकणाऱ्याला ‘लष्करी खेळणं आहे का’ असं विचारलं की भाव चढतो. काही न विचारता ढिगात हात घाला.

परदेशी लिलावात घ्यायचं तर हातोडीच्या भावावर लिलावघराचं कमिशन, टपाल आणि इथलं सीमाशुल्क धरूनच हिशोब करा. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघूनच बोली लावा. हजार रुपयांचा सैनिक घरी पोचेपर्यंत दुपटीच्या पुढे जातो.

डबा नकली आहे का, कसं कळेल?

अंधारात जंबुपार किरणांचा छोटा टॉर्च धरा. आजचा पांढरा कागद निळसर चमकतो, जुना कागद मंदच राहतो. ब्रिटन्सच्या बऱ्याच डब्यांवर फ्रेड व्हिसस्टॉक यांनी काढलेली चित्रं असत. त्यांच्या छापील प्रती आज मुक्तपणे विकल्या जातात. प्रत म्हणून विकली तर हरकत नाही.

मांडणी कशी करावी?

मांडणीत मी दोनच गोष्टींचा हट्ट धरतो: डोळ्याच्या उंचीवर एकच पलटण, आणि दोन सैनिकांत एका बोटाचं अंतर. दाटीवाटीनं लावले की एक पडतो आणि सगळी रांग आडवी होते. हे एकदा झालं की चार माना तुटतात. मागे चित्र नको, साधा राखाडी कागद. ऊन अजिबात नको, लाल रंग आधी जातो. दिवे कपाटाच्या बाहेर, एलईडीचे, कारण आतली उष्णता आर्द्रतेचा खेळ बिघडवते. चिकटमातीनं पाय चिकटवू नका, तिचं तेल रंगात उतरतं. गाड्यांची टायर प्लॅस्टिकच्या फळीवर थेट टेकवू नका, काही वर्षांनी रबर आणि फळी एकमेकांत वितळून चिकटतात. डांबरगोळ्या कपाटात कधीच नकोत.

प्लॅस्टिकचे सैनिक कमी दर्जाचे का?

अजिबात नाही. ब्रिटन्सनं पन्नाशीच्या दशकात हेरल्ड ही प्लॅस्टिकची मालिका आपल्याकडे घेतली, तिच्यातली शरीराची लकब शिशाच्या सैनिकांत कधी आली नव्हती. फक्त जुनं प्लॅस्टिक कडक होतं. हेरल्डचा सैनिक थंडीत बंदुकीच्या टोकाला धरून उचललात तर टोक हातात राहील.

घरात लहान मूल आहे. काय करू?

शिशाचं कपाट कुलपात. तोंडात जाईल असं काहीही खालच्या फळीवर नको, आणि स्वतः हाताळून झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. मुलाला सैनिक हवा असेल तर प्लॅस्टिकचा द्या, किंवा कुंभाराकडचा मावळा.

परदेशातल्या मुलाकडे संग्रह पाठवता येईल का?

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. शंभरीच्या आसपासचा सैनिक पाकिटात घालून टपालात टाकू नका. आधी पुरातत्त्व खात्याला विचारून घ्या.

नोंद ठेवायची ती काय ठेवायची?

साधी दोनशे पानी वही. क्रमांक, कुठून घेतला, कधी, किती रुपयांना, बैठकीखाली काय लिहिलंय, काय तुटलंय. आणि विकणाऱ्यानं काही सांगितलं असेल तर ते त्याच्याच शब्दांत. माझ्या वहीत एकोणिसाव्या नोंदीपुढे असं आहे: ‘लान्सर, भाला नाही. विकणारे आजोबा म्हणाले, भाला मी सातवीत असताना बहिणीच्या बाहुलीच्या घरात झेंड्याची काठी म्हणून लावला, घर गेलं ते गेलंच.’